माझ्या गुडघ्याच्या गोळ्या

२ मार्च, रविवार. डंडॉक, आयर्लंड

काल पोचलो. विमानतळावर रेवती एकटीच आली होती. शार्दूलला गाडीत फार वेळ बसवत नाही म्हणाली. जानेवारीत ऑफिसला जाताना त्याची सायकल बर्फावरून घसरली आणि पाठीचा एक मणका दबला. फोनवर तो सारखा ‘ग्रँड आहे बाबा, ग्रँड आहे’ म्हणायचा. ग्रँड म्हणजे इकडे नुसतं ‘ठीक’, हे मला सूनबाईने काल गाडीत सांगितलं. मी इतके दिवस समजत होतो की पोरगा एकदम मजेत आहे.

दारात उभा होता. वाळलाय. वाकून नमस्कार करायला गेला, मी दंडाला धरून थांबवलं. म्हटलं, राहू दे, पाठ सांभाळ. त्याची आई, सुलेखा, गेल्यावर आम्ही पहिल्यांदाच भेटतो आहोत.

अनुष्का आठ वर्षांची झाली. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं छान चालतं. चहाचा कप मागितला तर म्हणाली, ‘प्रेसमध्ये आहेत, आजोबा.’ मी इस्त्री शोधू लागलो. प्रेस म्हणजे इथे कपाट.

रेवती उद्यापासून ट्रेनने डब्लिनला जाणार. तिची रजा संपली. म्हणाली, ‘बाबा, मी नसताना तुम्ही घरात असाल, मला फार आधार वाटतो. त्याच्याकडे जरा लक्ष ठेवा.’ म्हटलं, अगं, त्यासाठीच तर आलोय.

५ मार्च, बुधवार

इथली औषधांची तऱ्हा आज समजून घेतली. वीज मंडळात पस्तीस वर्षं काढली, कुठलीही यंत्रणा कशी चालते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

शार्दूल पडला तेव्हा इमर्जन्सीत त्याला अफूच्या जातीच्या कडक गोळ्या दिल्या. त्या ते थोड्याच दिवसांच्या देतात. मग फॅमिली डॉक्टर, ज्याला हे जीपी म्हणतात, त्याने आणखी काही दिवस दिल्या आणि बंद केल्या. आता जीपीची नसांच्या दुखण्याची एक रोजची गोळी चालू आहे, आणि साधं पॅरासिटामॉल. पण दुखणं काही साधं नाही. पोरगा बसल्या जागी घामाने भिजतो.

आणि चिठ्ठी हातात मिळत नाही. डॉक्टर संगणकावर लिहितो आणि ती सरळ एका फार्मसीत जाते, तुम्ही जिचं नाव सांगाल तिथे. आपल्याकडे कागद खिशात असतो. एका दुकानात नाही मिळालं तर शेजारच्या दुकानात. इथे तसं चालत नाही. ‘बाबा, इथे माणसाला दुखतंय की नाही हे कॉम्प्युटर ठरवतो,’ शार्दूल म्हणाला. मला त्याचं पटलं.

९ मार्च, रविवार

शार्दूल दिवसभर चिडचिडा असतो, मग दुपारी वर जाऊन जरा पडतो आणि उतरतो तो अगदी पहिल्यासारखा. आज स्वतःहून जुन्या शाळेच्या गोष्टी काढल्या. हसला. विश्रांतीने किती फरक पडतो!

हात आणि नाक सारखं खाजवतो. घरातल्या हीटरने कातडी कोरडी पडते. रेवतीला खोबरेल तेल आणायला सांगितलं. डोळ्यांतल्या बाहुल्याही अगदी टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. इथल्या उजेडाने असेल. तसा उजेड काही फार नसतो, सूर्य मी आल्यापासून नीट पाहिलेला नाही.

१७ मार्च, सोमवार

इथल्या संताचा सण. गावातून मिरवणूक निघाली, ट्रॅक्टरसुद्धा सजवले होते. अनुष्काने माझ्या कोटाला हिरवी पानं लावली. शार्दूलला उभं राहवेना म्हणून तो गाडीतच थांबला. परत आलो तर गाढ झोपला होता, तोंड उघडं, हाक मारली तरी उठेना. मी घाबरलो. अनुष्का मात्र शांत. ‘ही इज ओन्ली रेस्टिंग, आजोबा. ही डझ दॅट.’ तिने त्याचे गाल थोपटले, सवय असल्यासारखे. उठला.

रेवतीने शार्दूलला मागच्या सीटवर बसवलं. गाडी तिने चालवली.

१९ मार्च, बुधवार

आज इमर्जन्सीत गेलो. डंडॉकला ती सोय नाही, गाडीने पुढच्या शहरात जावं लागतं. शार्दूलने रेवती ऑफिसला गेल्यावर निघायचं ठरवलं. तिला कामावर काळजी नको, म्हणून.

खूप थांबावं लागलं. मग एका तरुण डॉक्टरने पाहिलं. शार्दूलने सांगितलं की जीपीने दिलेल्या उरलेल्या कडक गोळ्या सिंकमध्ये पडल्या. मला हे माहीतच नव्हतं. घरी सांगितलं असतं तर मी पाइप खोलून पाहिला असता. डॉक्टर भला होता, त्याने काही दिवसांच्या गोळ्या संगणकावर लिहून दिल्या. कुठली फार्मसी, विचारल्यावर शार्दूलने आमच्या नेहमीच्या दुकानाचं नाव सांगितलं नाही, बंदराकडच्या एका दुकानाचं सांगितलं. तिथली माणसं चांगली आहेत म्हणे.

परतताना गाडी थांबवून त्याने मला आइसक्रीम खाऊ घातलं. बापलेक समुद्राकडे बघत बसलो. सुलेखा गेल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

२३ मार्च, रविवार

मला एक काम मिळालं. इथे कोडीन घातलेल्या विरघळणाऱ्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात, पण काउंटरवर फार चौकशी करतात. कोणासाठी? काय दुखतं? आधी दुसरं काही घेतलं का? तीन दिवसांच्या वर घेऊ नका. शार्दूल म्हणाला, ‘बाबा, मला आता सगळे ओळखतात, उगाच भाषण देतात. तुम्ही सांगा, गुडघ्यासाठी पाहिजे. खोटं थोडीच आहे?’

खोटं नाहीच. माझा गुडघा खरंच दुखतो. पण काउंटरवरच्या मुलीने इतक्या आपुलकीने विचारलं, ‘आर यू ऑल राइट, लव्ह?’ की मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. रोज वेगळ्या दुकानात जातो. पायाला व्यायामही होतो. गावात किती फार्मसी आहेत हे आता मला इथल्या पोस्टमनपेक्षा जास्त ठाऊक.

२८ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस वाईट गेला.

पुन्हा इमर्जन्सी. शार्दूल सकाळपासून जांभया देत होता, नाक गळत होतं, पोटात कळा. पाठ तर होतीच. मी म्हटलं ताप आहे, तो म्हणाला दुखण्यानेच असं होतं.

नाव पुकारलं आणि आत पाहतो तर आपली मुलगी! डॉ. निहारिका, अकोल्याची. मी मराठीत बोलल्यावर खुर्ची ओढून दिली, ‘काका, बसा,’ म्हणाली. मला वाटलं, झालं काम.

तिने शार्दूलला नीट तपासलं. बराच वेळ. मग संगणकाकडे पाहिलं, बाहेर जाऊन कोणाला तरी फोन करून आली. दाराशी बोलत होती म्हणून कळलं, फार्मसीला फोन होता. दोन फार्मसींना. आत येऊन तिने शार्दूलला हळू आवाजात सांगितलं, की तुमच्या पाठीचा मणका एक्सरेत चांगला भरून आलाय. आज तुम्हाला जो त्रास होतोय तो पाठीचा नाही. ह्या गोळ्या मी आज लिहिणार नाही. पण तुम्हाला असंच घरी पाठवणारही नाही. एक दुसरा दवाखाना आहे, मी आत्ता त्यांच्याशी बोलते. ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

शार्दूल ताडकन उठला. ‘आय अ‍ॅम नॉट अ जंकी,’ म्हणाला आणि बाहेर गेला. इतक्या झटकन उठताना त्याची पाठ दुखली नसेल का? रागात माणसाला भान राहत नाही.

मग मी बोललो. फार बोललो. म्हटलं, बाई, तू आपल्याकडची, तुझ्या वडिलांना असं दुखत असतं तर तू स्क्रीन बघत बसली असतीस?

ती म्हणाली, ‘काका, स्क्रीनवर दिसतंय म्हणून मी नाही म्हणत नाहीये. त्यांच्याकडे बघून म्हणतेय. तुम्ही बघितलंय का त्यांच्याकडे?’

मी उठून आलो. मी बघत नाही? मी दिवसभर दुसरं काय करतो?

ती माणसं नियम सांगतात. मला नियम ठाऊक आहेत. सुलेखाच्या शेवटच्या दिवसांत नागपुरात मॉर्फिनसाठी मी वणवण केली. एका हॉस्पिटलकडे परवाना नव्हता. दुसऱ्याकडे परवाना होता तर साठा नव्हता. तिसऱ्याने कुठलासा शिक्का आणायला सांगितला, आणि तो आणेपर्यंत ती गेली. तिचं ते कण्हणं शार्दूलने व्हिडिओ कॉलवर ऐकलंय, मी शेजारी बसून ऐकलंय. नियम पाळणाऱ्या सगळ्यांनी माझ्याशी आदराने बोलून मला परत पाठवलं होतं. ह्या मुलीसारखंच.

३० मार्च, रविवार. पाडवा

रेवतीने झाडूच्या दांड्याला साडी बांधून गुढी उभारली. वाऱ्याने दोनदा पडली.

शार्दूल जेवायला खाली आला नाही. वर गेलो तर भिंतीकडे तोंड करून रडत होता. माझा बेचाळीस वर्षांचा मुलगा. ‘बाबा, सहन होत नाही. काहीतरी करा.’

माझ्या बॅगेत गुडघ्याच्या गोळ्या होत्या. नागपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी इकडे मुक्काम आहे म्हणून भरपूर लिहून दिल्या होत्या. ट्रामाडॉल. डॉक्टरांनी लिहिलेल्या, बिलासकट, सगळं रीतसर. मी त्याला एक पाकीट दिलं. त्याने नाव वाचलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. ‘आहेत अजून?’ म्हणाला. म्हटलं, आहेत, तुझ्याच आहेत.

संध्याकाळी खाली येऊन श्रीखंड खाल्लं. रेवती त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिली. शार्दूलने मला आधीच सांगितलं होतं की तिला बोलू नका, ती उगाच घाबरते. मी बोललो नाही. सणाच्या दिवशी घर हसतं ठेवलं, एवढं मला पुरे होतं.

५ एप्रिल, शनिवार

गोळ्या त्यालाच लागतात म्हणून मी घेणं बंद केलंय. जिना उतरताना बसून उतरतो, एकेक पायरी. अनुष्काला तो खेळ वाटतो, तीही माझ्याबरोबर बसून उतरते. माझा गुडघा काय, म्हातारा आहे, दुखणारच.

१२ एप्रिल, शनिवार

शार्दूल मला सरहद्दीपलीकडे, ब्रिटिश हद्दीतल्या न्यूरीला घेऊन गेला. रस्ता तोच, शेतं तीच, फक्त पाट्यांवर किलोमीटरचे मैल होतात. मी पासपोर्ट खिशात घट्ट धरून बसलो होतो. कोणी अडवलं नाही. तो म्हणाला, खरेदी करू. खरेदी फक्त दोन फार्मसींत झाली. एकीत तो गेला, एकीत मी.

गाडी चालवताना मध्येच त्याची मान लवली. मी खांदा हलवला. म्हणाला, ऊन डोळ्यावर आलं. खरंच आज ऊन होतं.

घरी आल्यावर रेवतीने विचारलं, कुठे गेला होतात? मी म्हटलं, समुद्राकडे. एवढं सरळ खोटं मी तिच्याशी पहिल्यांदाच बोललो.

१६ एप्रिल, बुधवार

बॅगेतली गोळ्यांची थैली मी ठेवली होती तिथे नव्हती. शोधली, तर शार्दूलकडे. ‘तुम्हाला सारखं वर-खाली करायला नको म्हणून मीच घेतली.’ किती विचार करतो माझा.

२२ एप्रिल, मंगळवार

काल ईस्टरचा सोमवार. सगळे घरी. न्याहारीला थालीपीठं केली होती. शार्दूल लोणी घ्यायला हात पुढे करत होता आणि हात तसाच राहिला. मग तो खुर्चीसकट पडला. सगळं अंग ताठ, झटके, तोंडाला फेस. डोकं टेबलाच्या पायावर आपटत होतं. रेवतीने त्याला कुशीवर वळवलं आणि मला ओरडून सांगितलं, अनुष्काला बाहेर न्या. मला हलताच येईना. अनुष्काने सगळं पाहिलं. तिच्या हातातलं थालीपीठ तसंच होतं.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. इमर्जन्सीत तीच डॉक्टर. निहारिका. तिने विचारलं, ‘रोजच्या गोळीशिवाय दुसरं काही घेत होते का?’

रेवती म्हणाली, ‘नाही. मी प्रेस, खिसे, सगळं बघते. माझ्या माहितीत तरी नाही.’

मी गप्प राहिलो. हे इथे लिहून ठेवतो. मी गप्प राहिलो. मुलाला शब्द दिला होता म्हणून, आणि सून शेजारी उभी होती म्हणून. आणि आणखी एक कारण होतं ते मला तेव्हाच कळायला लागलं होतं.

मग त्याला दुसरी फिट आली. पडद्याआड माणसांची पळापळ. डॉक्टर बाहेर येऊन माझ्यासमोर जमिनीवर उकिडवी बसली, कारण मी खुर्चीत खाली मान घालून बसलो होतो. ‘काका, मी तुम्हाला ओरडणार नाही. आत जे देतोय ते काय आहे ते माहीत नसताना देतोय. तुम्ही इकडे येताना स्वतःसाठी काय आणलं होतं?’

मी सांगितलं. ती धावत आत गेली.

नंतर तिने समजावून सांगितलं. जीपीची ती नसांची गोळी आणि माझी गोळी एकमेकींबरोबर चालत नाहीत. जास्त झाली तर मेंदूत अशी वीज उसळते. तिने वीज हाच शब्द वापरला. इथे कुठल्याही डॉक्टरने ह्या दोन गोळ्या एकत्र लिहायला घेतल्या असत्या, तर संगणकाने लाल खूण दाखवून हात धरला असता. ‘पण तुमची बॅग आमच्या संगणकात नव्हती, काका,’ ती म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं, तिने माझ्यासाठी चहा आणवला.

आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथे जाड तार घालू नका. घर जळेल.

२३ एप्रिल, बुधवार

शार्दूल शुद्धीवर आहे. मला ओळखलं, तोंड फिरवलं.

रेवतीला मी स्वतः सांगितलं, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. फार्मसी, न्यूरी, पाडवा, सगळं. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. रडली नाही.

‘मला फेब्रुवारीपासून शंका होती,’ ती म्हणाली. ‘म्हणून तुम्हाला बोलावलं. मी कामावर असताना त्याच्यावर कोणाची तरी नजर असावी म्हणून.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘काय सांगणार होते? तुमचा मुलगा औषधांच्या नादी लागलाय? तुम्ही विश्वास ठेवला असता?’

मी विचार केला. म्हटलं, ‘नसता ठेवला. तुझाच राग आला असता.’

‘तेच,’ ती म्हणाली. ‘आणि बाबा, मलाही कुठे ते मोठ्याने म्हणायचं होतं?’

मग आम्ही दोघं एकाच बाकावर बसून राहिलो. तिने डब्यातली पोळी मोडून अर्धी मला दिली.

१ मे, गुरुवार

काल शार्दूलला घरी आणलं. त्या दुसऱ्या दवाखान्यात नाव घातलंय, पण पहिली भेट पुढच्या आठवड्यात. तोवर हॉस्पिटलने थोडंसं औषध दिलंय, ते रेवती आपल्या हाताने मोजून देते आणि उरलेलं बरोबर घेऊन जाते. माझी थैली डॉक्टरने तेव्हाच ठेवून घेतली.

आज रेवती कामावर, अनुष्का शाळेत. तो माझ्या खोलीत आला. अंघोळ नाही, अंग कापतंय. ‘बाबा, फक्त फार्मसीत जाऊन या. त्या विरघळणाऱ्या. एकच पाकीट. दवाखान्यात जाईपर्यंत निभावेन, मग कधीच नाही मागणार.’

मी नाही म्हटलं.

त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा मागितलं. मग हात जोडले. मग माझे पाय धरले. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून नाहीच म्हणत राहिलो, दुसरा शब्दच सुचत नव्हता. शेवटी तो उठला आणि म्हणाला, ‘आईच्या वेळीही तुम्ही असेच बसून बघत राहिलात.’

त्याला माहीत आहे हे खरं नाही. माझ्या वणवणीचा रोजचा हिशोब मी त्याला फोनवर सांगत होतो. त्याला हेही माहीत आहे की ते मला कुठे लागेल.

मी दाराला कडी लावली नाही. तो बाहेर गेला नाही. दिवसभर वर चालल्याचा आवाज येत राहिला, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

३ मे, शनिवार

रेवतीने चहा समोर ठेवला आणि म्हणाली, ‘बाबा, तुमचं तिकीट अलीकडे आणू या का?’

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

‘तो तुमच्याकडे मागेल,’ ती म्हणाली. ‘आणि तुमच्याच्याने नाही म्हणवणार नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. पण माझ्या एकटीच्याने दोघांवर लक्ष ठेवणं होणार नाही.’

परवाचं तिला सांगावं असं जिभेवर आलं होतं. सांगून काय म्हणायचं होतं? की एकदा नाही म्हटलं? ज्याने इतक्यांदा दिलं त्याच्या एका नकारावर तिने आपलं घर सोपवावं?

म्हटलं, आण तिकीट.

७ मे, बुधवार. विमानतळ

शार्दूल खोलीतून बाहेर आला नाही. मी दाराबाहेरून सांगितलं, येतो रे. आतून काही नाही. अनुष्का जिन्यात बसली होती. मी माझ्या पद्धतीने बसत बसत उतरलो, ती मात्र ह्या वेळी उभीच राहिली. खाली पोचल्यावर मराठीत म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही बाबाला परत औषध देऊ नका.’

इतकं स्वच्छ मराठी तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. नाही देणार, म्हटलं.

२९ जून, रविवार. नागपूर

बऱ्याच दिवसांनी वही उघडली. रेवती अनुष्काला घेऊन गॉलवेला गेली, तिथे नवी नोकरी मिळाली. घटस्फोट नाही, पण एकत्रही नाही. ‘तो बरा झाला की बघू,’ म्हणाली. शार्दूल डंडॉकलाच एका खोलीत राहतो. रोज सकाळी त्या दवाखान्याचं औषध घ्यायला फार्मसीत जातो, ते फार्मसिस्टच्या समोर प्यावं लागतं. हे सगळं रेवती सांगते. तो मला फोन करत नाही. मी करतो, तो उचलत नाही.

१३ जुलै, रविवार

शार्दूलचा फोन आला. स्वतःहून.

हवापाण्याचं बोललो. पाऊस किती, वीज जाते का. मग म्हणाला, ‘बाबा, माझ्या ऑफिसातला संकेत सुट्टीवर नागपूरला आलाय. धंतोलीत घर आहे त्याचं. शनिवारी परत निघतोय. तुम्हाला काही पाठवायचं असेल तर तो घेऊन येईल.’

मी म्हटलं, ‘मूगवड्या पाठवतो. आणि भिवापूरचं तिखट.’

‘हं.’

फोनमध्ये त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

‘अजून काही?’ त्याने विचारलं.

‘अजून काही नाही, बाळा.’

मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, ‘बरं. तिखट जरा जास्त पाठवा,’ आणि ठेवला. मी तसाच बसलो. बाई स्वयंपाक करून गेली ते कळलं नाही.

१८ जुलै, शुक्रवार

संकेत येऊन पार्सल घेऊन गेला. तीस-बत्तीसचा, गोड मुलगा. मी पिशव्या शिवल्या नव्हत्या. त्याच्यासमोर मांडून म्हटलं, ‘हात घालून बघ.’

‘काका, काहीतरीच काय! मी कशाला बघू?’

‘बघ रे. तू नेतोयस ना. आत काय आहे ते तुला ठाऊक पाहिजे.’

त्याने बिचाऱ्याने संकोचत वड्या चाळवल्या, तिखटात चमचा फिरवला आणि शिंकायला लागला. हसलाही. शार्दूलचं सगळं त्याला माहीत असावं, किंवा नसावं. मी विचारलं नाही. मग त्याच्यासमोरच पिशव्या बंद केल्या.

२० जुलै, रविवार

आज शार्दूलचा फोन. ‘पोचलं,’ म्हणाला. संकेत नुकताच देऊन गेला होता.

पिशवी फोडल्याचा आवाज आला. वड्या कशात तरी ओतल्याचा. मग दुसरी पिशवी, मग कागद चाचपल्यासारखा आवाज, बराच वेळ. तो शोधत होता. मला दिसत नव्हतं, तरी दिसत होतं.

‘बाबा.’

‘बोल.’

‘खरंच नुसतं तिखट आहे.’

‘हो रे.’

त्यानंतर तो रडायला लागला. अनुष्काएवढा असताना रडायचा तसा, आवाज न दाबता. रागाने की कशाने, मला सांगता येणार नाही. पण फोन मी ठेवला नाही, आणि त्यानेही ठेवला नाही.